घोडे कमी, रेटा जास्त

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात मेंटोन नावाचं हजारभर वस्तीचं एक गाव आहे. चहूबाजूंना मका आणि सोयाबीन, मधून जाणारा सरळसोट रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला सिमेंटचं एक भलंमोठं अंडं. हा भाग कोंबड्या-अंड्यांच्या धंद्यासाठी नावाजलेला, म्हणून हे अंडं. याच गावात 1894 साली लॉरेन्स बेल जन्मले. पुढं त्यांच्या कारखान्यातल्या विमानानं 1947 साली पहिल्यांदा आवाजाचा वेग ओलांडला. गावात त्यांच्या नावाचं छोटं संग्रहालय आहे. पण विमानाच्या वेडापायी लोक मेंटोनला येतात ते बेल यांच्यासाठी कमी आणि गावाबाहेरच्या लहानशा विमानतळासाठी जास्त. घरच्या घरी जायरोप्लेन बांधणाऱ्यांच्या अमेरिकन संघटनेचं बिऱ्हाड तिथं आहे, आणि दर उन्हाळ्यात त्यांचा मेळा भरतो. आपल्याकडं बैलांचा बाजार भरतो तसा. जो तो आपापलं जनावर घेऊन उभा, आणि बाकीचे दात मोजत फिरतात.

मेंटोनपासून गाडीनं वीसेक मिनिटांवर वॉर्सा आहे. तिथं 1895 पासून मोडलेली हाडं सांधायच्या सामानाचा धंदा चालतो. आज जगातले कितीतरी कृत्रिम गुडघे आणि खुबे त्या एका गावात तयार होतात, आणि त्या कारखान्यांतून मराठी इंजिनिअर पोरं-पोरीही कामाला आहेत. आमची लेक त्यातलीच. 2014 च्या मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडं सहा महिन्यांसाठी गेलो. पहिला आठवडा कौतुकात गेला. नंतर दिवस खायला उठला. तेव्हा रस्त्यापलीकडच्या शेतकऱ्याच्या बार्नमधून हातोडीचा आवाज यायला लागला, आणि मी तिकडं गेलो. बार्न म्हणजे आपला गोठा, वखार आणि अवजारांची खोली एकाच छपराखाली. शेतकरी माझ्याच वयाचा, म्हणजे सत्तरीला टेकलेला. शेती मुलाच्या हाती दिलेली. मी मनातल्या मनात त्यांना पाटील म्हणायला लागलो, आणि इथंही तेच म्हणतो.

बार्नच्या मधोमध एक सांगाडा उभा होता. ॲल्युमिनियमची दोन इंची चौकोनी नळी जमिनीलगत आडवी, तिच्यावर तशीच एक उभी. पुढं खुर्ची, खाली तीन चाकं, मागं उभी शेपूट. वर लांबलचक दोन पाती असायची, ती काढून भिंतीला लावलेली. इंजिन जमिनीवर. छप्पर नाही, काच नाही, दार नाही. मी विचारलं, “हे उडतं?” पाटील म्हणाले, “एकोणीस वर्षं उडलं. आता इंजिन बदलतोय.”

जायरोप्लेन म्हणजे हेलिकॉप्टर नव्हे, हे आधी सांगायला हवं, कारण लांबून दोन्ही सारखीच दिसतात. हेलिकॉप्टरची वरची पाती इंजिन फिरवतं. जायरोप्लेनची वरची पाती इंजिन फिरवत नाही, ती वाऱ्यानं फिरतात. जत्रेतलं भिरभिरं हातात धरून पोरगं पळत सुटलं की भिरभिरं फिरतं, तसंच. इंजिनाचं काम एवढंच, की मागच्या पंख्यानं यंत्राला पुढं रेटायचं. यंत्र पुढं गेलं की वारा खालून वर पात्यांतून जातो, पाती फिरतात आणि फिरता फिरता उचलून धरतात. म्हणून इंजिन बंद पडलं तरी हे यंत्र धोंड्यासारखं पडत नाही. भिरभिरं फिरतच राहतं, आणि यंत्र त्याच्या आधारानं खाली उतरतं.

हे डोकं स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांचं. त्यांची पहिली यंत्रं उठायच्या आतच कुशीवर कलंडायची. कारण फिरणाऱ्या पात्यांपैकी जे पातं वाऱ्याला सामोरं जातं त्याला जास्त उचल मिळते, आणि पाठ दाखवून मागं जाणाऱ्याला कमी. सिएर्वांनी पाती बुडाशी घट्ट न बसवता बिजागरीवर बसवली. ज्याला जास्त उचल ते थोडं वर जाणार, दुसरं खाली, आणि बाकीचं यंत्र सरळ. जानेवारी 1923 मध्ये माद्रिदजवळ हेताफेला ते उडालं. 1928 साली त्यांचं यंत्र इंग्लिश खाडी ओलांडून पॅरिसला गेलं. पण 1936 च्या डिसेंबरात सिएर्वा गेले ते साध्या प्रवासी विमानाच्या अपघातात, लंडनच्या क्रॉयडन विमानतळाजवळ. विमान उडताना वेग कमी पडला की पडतं, हे दुखणं काढायला ज्यानं आयुष्य घातलं, त्याचं मरण असं उड्डाणाच्या वेळीच यावं, याला काय म्हणणार.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या असंच एक बिनइंजिनाचं भिरभिरं दोरानं बांधून पतंगासारखं वर सोडत. त्यात एक माणूस बसून लांबवरची जहाजं हेरायचा. आपल्या हिंदी महासागरातही ते वापरलं गेलं. युद्धानंतर अशा यंत्रांचा अभ्यास करून रशियात जन्मलेल्या इगोर बेन्सन यांनी नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅली गावात आपली छोटी कंपनी काढली. 1955 साली त्यांचं इंजिनवालं जायरोप्लेन उडालं, आणि त्यानंतर आलेल्या बी-8एम या यंत्राचे नकाशे त्यांनी लोकांना टपालानं विकायला काढले. शेतकरी, मेकॅनिक, शाळामास्तर, ज्याच्याकडं ड्रिल मशीन आणि करवत आहे त्यानं बांधावं. नळ्या बाजारात मिळतात, बोल्ट मिळतात. मेळा भरवणारी ती संघटनाही बेन्सन यांनीच 1962 साली सुरू केली. पाटलांचा सांगाडा त्याच नकाशाचा. नकाशा पिवळा पडलेला, पण अजून खिळ्याला अडकवलेला होता.

प्रश्न होता तो इंजिनाचा. हलकं, स्वस्त आणि जोरदार इंजिन गरिबाला कुठून मिळणार? ते मिळालं सैन्याच्या भंगारातून. तोफखान्याच्या सरावासाठी बिनमाणसाची छोटी विमानं उडवायची आणि ती पाडायची, अशी पद्धत होती. त्या विमानांसाठी मॅककलॉक कंपनीनं चार सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन बनवलं होतं. 72 हॉर्सपॉवरचं, आणि वजन पस्तीस किलोच्या आसपास. हीच कंपनी लाकूड कापायच्या यांत्रिक करवती बनवायची. तिच्या मालकानं 1968 साली लंडनचा जुना पूल विकत घेतला आणि दगड-दगड सोडवून ॲरिझोनाच्या वाळवंटात नेऊन पुन्हा उभा केला, हे जाता जाता सांगतो. पैशाला आणि हौसेला एकच बाप असला की असं होतं.

मॅककलॉकचं दुखणं असं, की जे विमान पाडायचंच आहे त्याच्या इंजिनाला लांब आयुष्य कशाला द्यायचं? ते फार दिवस टिकावं म्हणून केलेलंच नव्हतं. लोकांनी मात्र ते वर्षानुवर्षं वापरलं. आपल्याकडं लुना आणि राजदूतला पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून घालायचो तसंच यालाही. पंखा हातानं फिरवून चालू करायचं, आणि चालू झालं की त्याचा कर्कश आवाज मैलभर. इंग्लंडचे केन वॉलिस यांनी असंच इंजिन लावलेलं आपलं यंत्र 1967 च्या जेम्स बाँड सिनेमात उडवलं, आणि मग जायरोप्लेन सगळ्या जगानं पाहिलं. वॉलिस सत्त्याण्णव वर्षांचे होऊन 2013 साली गेले. आयुष्यभर जायरोप्लेन उडवत राहूनही माणूस म्हातारा होऊ शकतो, याचा दाखला म्हणून पाटील त्यांचं नाव वारंवार घ्यायचे, विशेषतः बायको ऐकत असली की.

पाटलीणबाईंचा या सगळ्याला विरोध होता असं नाही. त्यांची एक अट होती, ती मला महिनाभरानं कळली. 1980 च्या दशकात पाटलांचा एक जोडीदार असाच सांगाडा घेऊन उडायचा. त्याचं मॅककलॉक दमलं, त्यानं नवं इंजिन बसवलं, आणि दोन आठवड्यांत तो गेला. पाटलीणबाई मला म्हणाल्या, “सगळे सांगायचे, इंजिन बंद पडलं तरी हे यंत्र सुखरूप उतरतं. त्याचं इंजिन बंद नव्हतं पडलं हो. ते अगदी उत्तम चालू होतं.”

ही गोष्ट समजायला मला आमच्या आबांची आठवण कामी आली. आबा इंजिन-मिस्त्री होते. कृष्णाकाठच्या आमच्या भागात मोटा गेल्या आणि विहिरींवर ऑईल इंजिनं बसली, त्या काळातले. गुऱ्हाळावर बैल गोल फिरून चरक चालवायचे, तिथंही इंजिन आलं. एका गुऱ्हाळवाल्यानं मिनिटाला साडेसहाशे फेरे घेणारं जुनं मंद इंजिन काढलं आणि दीड हजार फेऱ्यांचं नवं बसवलं. पुली मात्र तीच ठेवली. चरक दुपटीनं पळायला लागला, पट्टा उडाला, दाते तुटले. आबा जाऊन बघून आले आणि त्याला म्हणाले, “इंजान नवं आणलंस बाबा, पर चरक जुनाच हाय. त्याला इचारलंस का?”

जायरोप्लेनच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं, फक्त तिथं दात्यांऐवजी माणसं तुटली. 1980 च्या दशकात ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीची टू-स्ट्रोक इंजिनं आली. मूळ वंश बर्फावर चालणाऱ्या गाड्यांचा. भरवशाची, सुटे भाग मिळणारी. पाटलांनी आणलेलं 582 नंबरचं इंजिन पाण्यानं थंड होणारं, साधारण 65 हॉर्सपॉवरचं. म्हणजे 72 घोड्यांचं काढून 65 घोड्यांचं बसवायचं. मला वाटलं, हा तोट्याचा सौदा. पण मॅककलॉकचा पंखा इंजिनाच्या दांड्यालाच जोडलेला, म्हणून तो इंजिनाइतकाच भणभणत फिरायचा आणि चार फुटांपेक्षा फार लांब करता यायचा नाही. रोटॅक्सला गिअरबॉक्स असतो. इंजिन साडेसहा हजार फेरे घेतं तेव्हा पंखा अडीच हजारच घेतो. म्हणून पंखा लांब लावता येतो. पाटलांचा नवा पंखा पाच फूट दोन इंच होता. लांब पंखा सावकाश फिरून जास्त हवा मागं लोटतो, आणि घोडे कमी असूनही रेटा जास्त मिळतो.

आता लांब पंखा बसवायचा तर खालची आडवी नळी आडवी येते. पातं तिला घासता कामा नये. मग काय करायचं? इंजिन सहा-सात इंच वर उचलायचं. सगळ्यांनी तेच केलं. सोपं होतं, चार बोल्टांचं काम. त्या चार बोल्टांनी रेट्याची रेघ वर गेली, आणि यंत्राच्या वजनाचा मध्य मात्र खालीच राहिला.

बैलगाडी भरणाऱ्या माणसाला हे लवकर कळतं. ओझं मागं जास्त झालं की गाडी उलाळ होते, पुढं जास्त झालं की बैलांच्या मानेवर येतं. इथं ओझं नीट आहे, पण ढकलणारा माणूस गाडीला वरून ढकलतोय. जोवर वरची पाती यंत्राला उचलून धरतात तोवर तीच त्याला ताब्यातही ठेवतात. पण वाऱ्याचा झोत आला, किंवा चालवणाऱ्यानं दांडा झटक्यात पुढं लोटला, की क्षणभर पात्यांवरचा भार जातो. भार गेला की धरून ठेवणारं कोणी नाही, आणि मागून भरधाव इंजिन डोक्याला रेटतंय. यंत्र पुढच्या अंगाला कोलांटी घेतं. वारा खालून यायचा तो वरून येतो, पाती मंदावतात, आणि भिरभिरं थांबलं की पुन्हा काही फिरत नाही. हे सगळं एक-दोन सेकंदांत. चांगलं, जोरदार इंजिन हेच मग घात करतं. दमलेलं मॅककलॉक असतं तर माणूस कदाचित वाचलाही असता.

इंग्लंडमध्येही अशी माणसं गेली. तेव्हा तिथल्या विमान-नियामकांनी ग्लासगो विद्यापीठाला काम दिलं. विद्यापीठानं वर्षानुवर्षं मोजमाप करून सांगितलं, की रेट्याची रेघ आणि वजनाचा मध्य यांच्यातलं उभं अंतर हीच मुख्य गोष्ट आहे. ते अंतर दोन इंचांच्या आत ठेवा, असा दंडक तिथं झाला. दोन इंच! शेतात आपण दोन इंच कशाला मोजतो?

पाटलांना हे ठाऊक होतं. म्हणूनच एकोणीस वर्षं त्यांनी इंजिन बदललं नव्हतं, आणि म्हणूनच बदलताना सांगाडाही बदलायचा असं ठरवलं होतं. पण बदलायचा किती, ते आधी मोजायला हवं होतं. जुलैच्या एका सकाळी नवं इंजिन तात्पुरतं जुन्या पद्धतीनं वर बसवून आम्ही यंत्र टांगलं. बार्नच्या तुळईला चेनपुली लावली, आणि जिथं वरची पाती जोडतात त्या बोल्टातून यंत्र उचललं. टाकीत निम्मं पेट्रोल, खुर्चीत स्वतः पाटील पट्टा बांधून. चाकं जमिनीपासून हातभर वर. पाटलीणबाई दारात उभ्या.

वरच्या बोल्टातून ओळंबा सोडायचा आणि दोरी जिथून जाते ती रेघ सांगाड्यावर आखायची. मग यंत्र दुसऱ्या जागेवरून टांगायचं आणि पुन्हा ओळंबा. दोन रेघा जिथं छेदतात तो वजनाचा मध्य. त्यांच्या ओळंब्याचं टोक बारीक होतं, पण वजन हलकं. दोरी स्थिर होईना. आमच्या विहिरीच्या कामाला गवंडी जाडजूड पितळी ओळंबा वापरायचा आणि खालचं टोक पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचा. पाण्यात गोळा डुलत नाही. मी बादली मागितली. पाटलांनी वरून खुर्चीतूनच विचारलं, “बादली कशाला?” आणि दोरी थांबलेली बघितल्यावर म्हणाले, “हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.” सहा महिन्यांत त्या देशाला मी दिलेली ही एकच गोष्ट.

अंतर आलं साडेसहा इंच. पाटील खाली उतरले, टेपनं स्वतः पुन्हा मोजलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्याचंही एवढंच असणार.”

पुढचे दोन महिने त्या साडेसहा इंचांमागं गेले. खालची आडवी नळी खुर्चीच्या मागं कापून खालच्या पातळीला घेतली, म्हणजे पंख्याला जागा झाली आणि इंजिन अडीच इंच खाली आलं. खुर्ची आणि तिच्याखालची पेट्रोलची टाकी सात इंच उचलली. माणूस आणि पेट्रोल मिळून निम्मं वजन असतं, म्हणून ते सात इंच चढले की मध्य साधारण साडेतीन इंच चढतो. यंत्र उंच झालं म्हणून चाकांमधलं अंतर वाढवलं. शेवटी पंख्याच्या झोतात येईल अशी रुंद आडवी शेपूट बसवली. आधी फक्त उभी होती. बाणाला पिसं असतात तशी ही शेपूट, नाक खाली झुकायला लागलं की आवरते. एकेक बोल्ट टॉर्क पान्यानं आवळायचा आणि त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला असं समजायचं. सप्टेंबरात पुन्हा टांगलं. बादली मी आधीच भरून ठेवली होती. अंतर सव्वा इंच.

त्या देशात घरी बांधलेल्या यंत्राचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः केलेलं असलं की नोंदणी मिळते. इंजिन बदललं की सरकारला कळवायचं आणि ठरावीक भागात कमीत कमी पाच तास एकट्यानं पुन्हा चाचणी घ्यायची. मला आपल्या अमोल यादव यांची आठवण झाली. त्यांनी मुंबईत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, आणि 2017 मध्ये त्याची नोंदणी होईपर्यंत विमान बांधण्यापेक्षा कागद बांधण्यात त्यांचे जास्त दिवस गेले असतील. पाटलांना हे सांगितलं तर त्यांना गच्चीवरचं विमानच पटेना. “खाली कसं आणलं?” एवढंच ते विचारत राहिले.

ऑक्टोबरात आम्ही निघायच्या आदल्या दिवशी यंत्र ट्रॅक्टरला साखळीनं बांधून इंजिन पूर्ण जोरात चालवलं. वरची पाती लावलेली नव्हती. मक्याची वाळली पानं मागच्या मागं शेतात उडाली, साखळी ताणली आणि ट्रॅक्टरची मागची चाकं तसूभर सरकली. लेक लांबून ओरडत होती, “बाबा, मागं उभे राहू नका!” आवाज मॅककलॉकपेक्षा मऊ होता, असं पाटलीणबाई म्हणाल्या. मी मॅककलॉक ऐकलेलं नाही.

थंडी पडली, बर्फ आलं आणि काम थांबलं. पुढच्या मे महिन्यात लेकीनं फोनवर सांगितलं, पाटलांची चाचणी सुरू झाली. आधी नुसतं धावपट्टीवर पळवणं, मग हातभर उचलून पुन्हा टेकवणं. पाटलीणबाई धावपट्टीच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसायच्या. त्यांची अट होती ती हीच: तुम्ही जे बघायला सांगाल ते मी बघणार, पण आधी मला इंजिनाचा जोर काढून दाखवा. चौथ्या तासाला पाटील हजार फुटांवर गेले, पूर्ण जोरात यंत्र सरळ नेलं आणि हात एकदम मागं घेऊन इंजिनाचा जोर काढला. रेट्याची रेघ वर असती तर नाक झटक्यात वर उसळलं असतं. नाक बोटभर वर आलं, थांबलं, आणि यंत्र सावकाश उतरायला लागलं.